न आलेल्या मतदारांची लाट

मिशिगन राज्यातलं ग्रँड रॅपिड्स हे डच वंशाच्या, नियमाने चर्चला जाणाऱ्या आणि फर्निचरच्या कारखान्यांवर वाढलेल्या लोकांचं शहर. १९१० नंतर इथून डेमोक्रॅटिक पक्षाचा एकही माणूस अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेला नव्हता. १९४८ पासून ओळीने १३ वेळा इथून जेराल्ड फोर्ड निवडून आले. ऑक्टोबर १९७३ मध्ये करचुकवेगिरीच्या प्रकरणात उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांना पद सोडावं लागलं, अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्यांच्या जागी फोर्डना नेमलं आणि ग्रँड रॅपिड्सची जागा रिकामी झाली.

पोटनिवडणूक ठरली १८ फेब्रुवारी १९७४ ला. रिपब्लिकन उमेदवार रॉबर्ट व्हँडरलान हे राज्याच्या सिनेटमधले वजनदार नेते होते. समोर रिचर्ड व्हँडरवीन नावाचे वकील. हे १९५८ मध्ये फोर्डकडूनच हरलेले. व्हँडरवीन यांनी प्रचारात स्वतःबद्दल फारसं काही सांगितलं नाही. त्यांचं एकच म्हणणं होतं: निक्सननी जायला हवं आणि आपल्या गावचे फोर्ड अध्यक्ष व्हायला हवेत. डेमोक्रॅट उमेदवार रिपब्लिकन उपाध्यक्षाला अध्यक्ष करा म्हणून मतं मागत होता, आणि रिपब्लिकन शहर त्याला ती देत होतं. व्हँडरवीन जिंकले. ज्या मतदारसंघाचा निकाल सांगायला कुणा तज्ज्ञाची कधी गरज पडली नव्हती, तिथे हे घडलं, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा खरी धडकी भरली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मध्यावधी निवडणूक होती. वाचकांच्या सोयीसाठी एक खुलासा. सभागृह बरखास्त झाल्यावर आपल्याकडे जी मध्यावधी निवडणूक होते, तिचा अमेरिकेतल्या मध्यावधीशी संबंध नाही. तिथे ती वेळापत्रकानेच येते. अध्यक्षाच्या ४ वर्षांच्या मुदतीच्या बरोबर मध्ये प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा आणि बऱ्याच राज्यांच्या राज्यपालांची पदं मतदानाला येतात. अध्यक्षाचं नाव मतपत्रिकेवर नसतं, पण कौल त्याच्यावरच दिला जातो असं मानण्याची पद्धत आहे, आणि इतिहासाचा आधारही त्या समजुतीला आहे. मध्यावधीत अध्यक्षाच्या पक्षाचं संख्याबळ सहसा घटतं. विसाव्या शतकात तोवर या नियमाला खऱ्या अर्थाने एकच अपवाद होता, १९३४ चा. महामंदीतून देशाला बाहेर काढू पाहणाऱ्या रूझवेल्ट यांच्या पक्षाला लोकांनी आणखी जागा दिल्या होत्या.

त्यामुळे १९७४ मध्ये रिपब्लिकन हरणार हे सांगायला फार मोठी विद्या लागत नव्हती. किती हरणार, एवढाच प्रश्न होता. १९७२ मध्ये ५० पैकी ४९ राज्यं जिंकून आलेल्या निक्सनचा पक्ष १५ महिन्यांत ग्रँड रॅपिड्स गमावतो, याचा अर्थ लावण्यात त्या वर्षीचे सगळे राजकीय वार्ताहर गुंतले होते. फेब्रुवारीतच पेनसिल्व्हेनियात जॉन मर्था हे डेमोक्रॅट अवघ्या १२२ मतांनी निवडून आले होते. मार्चमध्ये सिनसिनाटीची जागा गेली. एप्रिलमध्ये मिशिगनच्या 'थंब' भागात, म्हणजे नकाशात अंगठ्यासारख्या दिसणाऱ्या शेतकरी पट्ट्यात, आणखी एक पोटनिवडणूक होती. तिथे पक्ष वाचवायला निक्सन स्वतः गेले. बॅड ॲक्स नावाच्या छोट्या गावातून त्यांचा ताफा गेला. रस्त्याच्या कडेला माणसं जमली, हस्तांदोलनं झाली. सहा दिवसांनी मतदान झालं आणि चार दशकं रिपब्लिकनांकडे असलेली तीही जागा डेमोक्रॅट बॉब ट्रॅक्सलर यांनी घेतली.

या पोटनिवडणुकांवरून बांधलेला आडाखा सरळ होता. वॉटरगेट प्रकरणामुळे, म्हणजे विरोधकांच्या कचेरीतल्या घुसखोरीवर निक्सन सरकारने घातलेल्या पांघरुणामुळे, लोक चिडले आहेत, चिडलेले लोक मतदान करतात आणि सत्ताधाऱ्यांना घरी बसवतात. आडाख्याचा शेवट खरा ठरला. मधली पायरी मात्र चुकली होती, आणि माझ्या मते १९७४ ची खरी गोष्ट त्या मधल्या पायरीत आहे.

मध्यावधीचं गणित मांडण्याचा प्रयत्न विद्यापीठांत आधीपासून चालू होता. मिशिगन विद्यापीठाच्या अँगस कँबेल यांनी १९६० मध्ये मांडलेला सिद्धांत सर्वांत प्रसिद्ध आहे. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत वातावरण तापलेलं असतं. एरवी राजकारणात रस नसलेले लाखो लोक त्या उत्साहात मतदानाला येतात आणि बहुतेक जण जिंकणाऱ्याच्या पारड्यात मत टाकतात. दोन वर्षांनी तो उत्साह ओसरतो आणि हे काठावरचे मतदार घरी राहतात. पक्षाशी बांधलेले तेवढे उरतात आणि अध्यक्षाच्या पक्षाच्या जागा आपोआप घटतात. या मांडणीत घरी राहिलेल्या मतदाराच्या मनात काही राग असतो, असं धरलेलंच नव्हतं. भरतीनंतर ओहोटी यावी तसं ते नैसर्गिक मानलं होतं.

दुसरी मांडणी प्रिन्स्टनच्या एडवर्ड टफ्टी यांची. त्यांचा निबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३८ पासूनच्या मध्यावधी निवडणुका तपासून त्यांनी दाखवलं, की दोनच आकडे हाताशी असले तर देशभरातल्या मतांचा कल बराच जवळून सांगता येतो. गॅलप संस्थेच्या जनमत चाचणीत अध्यक्षाच्या कामाला किती टक्के लोक पसंती देतात हा एक, आणि त्या वर्षात लोकांचं प्रत्यक्ष हाती पडणारं उत्पन्न, महागाई वजा जाता, किती वाढलं किंवा घटलं हा दुसरा. उमेदवार कोण, भाषणं कुणाची गाजली, जाहिराती किती झाल्या, यातलं काहीच त्यात नव्हतं. मतदार अडाणी असतो, हवेबरोबर वाहतो, असं मानणाऱ्यांना टफ्टींचं हे उत्तर होतं. मतदार आपली मिळकत पाहतो, अध्यक्षाचं काम पाहतो आणि हिशेब चुकता करतो. ही मांडणी मला कँबेलपेक्षा जास्त आवडते, कारण ती मतदाराला शहाणा मानते. पण तिचा हिशेब मतदान केंद्रावर पोचलेल्या माणसाचाच होता.

१९७४ मध्ये टफ्टींचे दोन्ही आकडे वाईट होते. अरब देशांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये तेल रोखलं, ते मार्च १९७४ पर्यंत. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेल परत आलं, पण महागाई उतरली नाही. वर्षअखेर ती १२ टक्क्यांवर गेली. पगार वाढत होते पण भाव त्यांना मागे टाकत होते, म्हणून हाती पडणारं खरं उत्पन्न घटलं. दुसरा आकडा, अध्यक्षाची पसंती, निक्सनच्या शेवटच्या महिन्यांत २५ टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने निक्सनना त्यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती हवाली करण्याचा हुकूम दिला. महिनाअखेरीस प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने महाभियोगाची कलमं मंजूर केली. ८ ऑगस्टच्या रात्री निक्सननी दूरचित्रवाणीवरून राजीनामा जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोर्ड अध्यक्ष झाले. ग्रँड रॅपिड्सच्या मतदारांनी मागितलं ते घडलं होतं.

पुढचा महिनाभर अमेरिकेने सुटकेचा निश्वास टाकला. फोर्ड साधे होते, सरळ होते. गॅलपच्या चाचणीत त्यांना ७१ टक्के पसंती मिळाली. रिपब्लिकन खासदारांच्या जिवात जीव आला. निक्सनच्या काळात केलेले सगळे अंदाज मोडीत निघतील आणि नोव्हेंबर इतका वाईट जाणार नाही, असं त्यांना वाटू लागलं.

८ सप्टेंबरला रविवार होता. फोर्ड सकाळी चर्चला जाऊन आले आणि ११ च्या सुमाराला आपल्या कार्यालयात बसून कॅमेऱ्यासमोर त्यांनी निवेदन वाचलं. निक्सननी अध्यक्षपदावर असताना केलेल्या किंवा केले असतील अशा सर्व गुन्ह्यांबद्दल त्यांना संपूर्ण माफी. अजून आरोपपत्रही दाखल झालेलं नव्हतं. फोर्ड यांचे प्रसिद्धी सचिव जेराल्ड टेरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. टेरहॉर्स्ट ग्रँड रॅपिड्सचेच. तिथल्या वर्तमानपत्रातून पत्रकारितेत आलेले आणि फोर्डना वर्षानुवर्षं ओळखणारे. व्हिएतनामला जायला नकार देणाऱ्या तरुणांना अशी माफी नाही आणि माजी अध्यक्षाला मात्र आहे, याचं समर्थन आपल्याला करता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. महिन्याच्या आत फोर्डची पसंती ५० टक्क्यांवर आली.

देश पुढे जावा म्हणून हे केलं, असं फोर्ड अखेरपर्यंत सांगत राहिले. १७ ऑक्टोबरला ते प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीसमोर स्वतः जाऊन साक्ष देऊन आले आणि आधी काही सौदा ठरला नव्हता, असं त्यांनी निक्षून सांगितलं. पुढच्या पिढीतल्या अनेकांनी त्यांचा निर्णय योग्य ठरवला. मला त्यात देशहिताची कळकळ दिसते, हेही खरं. पण त्या रविवारी सामान्य अमेरिकन माणसाला जे दिसलं ते वेगळं होतं. दोन वर्षं तो हे प्रकरण उलगडताना बघत होता. कायदा सगळ्यांना सारखा असतो, हे शेवटी सिद्ध होईल म्हणून बघत होता. आणि शेवटच्या अंकात ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तोच सुटला. कुंपणानेच शेत खाल्लं, तर दाद कुणाकडे मागायची?

ऑक्टोबरमध्ये भर पडली ती महागाईविरोधी मोहिमेची. ८ तारखेला फोर्ड काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, कोटाला 'विन' असं लिहिलेला लाल-पांढरा बिल्ला लावून उभे राहिले. महागाईला चाबकाने हाणा, अशा अर्थाच्या तीन शब्दांची ती आद्याक्षरं होती. लोकांनी काटकसर करावी, परसात भाज्या लावाव्यात, गाडी कमी चालवावी असं आवाहन झालं, आणि सोबत कंपन्यांवर व बऱ्या उत्पन्नाच्या कुटुंबांवर ५ टक्के अधिभाराचा प्रस्ताव आला. निवडणुकीला चार आठवडे राहिले असताना आपलाच अध्यक्ष करवाढ मागतो आहे, हे पाहून रिपब्लिकन उमेदवारांनी कपाळाला हात लावला. त्याच वेळी बेकारीही वाढत होती. फोर्ड राज्याराज्यांत फिरले. अध्यक्षाचा नकाराधिकार मोडून काढणारी काँग्रेस निवडून देऊ नका, असं विनवत राहिले. लोक ऐकायला येत, टाळ्या वाजवत आणि घरी जात.

गॅलपचा शेवटचा अंदाज होता डेमोक्रॅट ६०, रिपब्लिकन ४०. ५ नोव्हेंबरला मतं मोजली तेव्हा दोन पक्षांतली वाटणी त्याच्या एक-सव्वा टक्का इकडेतिकडे निघाली. डेमोक्रॅट पक्षाने प्रतिनिधिगृहात ४९ जागा वाढवल्या आणि त्याचं संख्याबळ २९१ झालं. रिपब्लिकनांचं अक्षरशः पानिपत झालं. न्यायविषयक समितीत निक्सनची बाजू शेवटपर्यंत लढवणारे न्यू जर्सीचे चार्ल्स सँडमन हरले. त्यांच्याबरोबर त्या समितीतले आणखी काही जण गेले. फोर्डची ग्रँड रॅपिड्सची जागा व्हँडरवीन यांनी पुन्हा राखली. कनेक्टिकटमध्ये एला ग्रासो राज्यपाल झाल्या. नवऱ्याच्या वारशाशिवाय, स्वतःच्या बळावर राज्यपालपदी निवडून आलेल्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या महिला. ओहायोतून अंतराळवीर जॉन ग्लेन सिनेटवर गेले. लाँग आयलंडवरून २५ वर्षांचे टॉम डाउनी प्रतिनिधिगृहात पोचले. आर्कान्सात बिल क्लिंटन नावाचा २८ वर्षांचा कायद्याचा प्राध्यापक मात्र सुमारे ६ हजार मतांनी हरला.

अंदाजवाल्यांचा दिवस चांगला गेला असं म्हणता येईल. तरी काही ठिकाणी त्यांना मतदाराचा मागच लागला नाही. ओहायोत माजी राज्यपाल जेम्स ऱ्होड्स यांनी रात्री पराभव मान्य केला आणि ते झोपायला गेले. सकाळी उठले तेव्हा ते साडेअकरा हजारांच्या आसपास मतांनी जिंकलेले होते. मेन राज्याचा निकाल याहून बोलका होता. पूर्वी हे राज्य स्वतःच एक भविष्यपत्रिका मानलं जाई. तिथल्या निवडणुका नोव्हेंबरऐवजी सप्टेंबरमध्ये होत आणि मेन जाईल तिकडे देश जाईल, अशी म्हणच पडली होती. १९३६ मध्ये रूझवेल्टनी मेन आणि व्हर्माँट सोडून सगळा देश जिंकला, तेव्हा त्या म्हणीची अब्रू गेली. १९७४ मध्ये याच मेनच्या मतदारांनी दोन्ही पक्षांना बाजूला सारून जेम्स लाँगली या अपक्ष विमा व्यावसायिकाला राज्यपाल केलं. हरलेल्या डेमोक्रॅट उमेदवाराचं नाव जॉर्ज मिचेल. ते पुढे सिनेटमध्ये बहुमताचे नेते झाले. सगळा देश रिपब्लिकनांवर रागावला आहे असा अंदाज होता. मेनने सांगितलं की राग दोघांवरही आहे.

आता त्या मधल्या पायरीकडे येतो.

१९६६ च्या मध्यावधीत मतदानाच्या वयाच्या सुमारे ४८ टक्के अमेरिकन लोकांनी मत दिलं होतं. १९७० मध्ये ते प्रमाण ४६-४७ होतं. १९७४ मध्ये ३८ झालं. जवळजवळ तीन दशकांतला हा नीचांक. राज्यघटनेच्या २६ व्या दुरुस्तीने १९७१ मध्ये मतदानाचं वय १८ वर आणलं होतं आणि युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी वयात आली होती. त्यामुळे ४ वर्षांत मतदानाच्या वयाची माणसं दोन कोटींहून जास्त वाढली. पडलेली मतं मात्र १९७० पेक्षा कमी होती. देश वाढला आणि मतपेटी आटली. नव्याने हक्क मिळालेल्या १८ ते २४ वयोगटातले जेमतेम चारात एक जण आले.

पक्षनिहाय ढोबळ आकडे पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होतं. प्रतिनिधिगृहासाठी डेमोक्रॅटना मिळालेली देशभरातली मतं १९७० च्या तुलनेत साधारण १० लाखांनी वाढली. रिपब्लिकनांची साधारण ३० लाखांनी घटली. मतदारांची संख्या दोन कोटींनी वाढलेली असताना १० लाखांची वाढ म्हणजे काही उसळी नव्हे. ज्या लाटेने ४९ जागा उलटवल्या, तिच्यात डेमोक्रॅटकडे धावत आलेले थोडे होते आणि रिपब्लिकन पक्षाकडून काहीही न बोलता घरी बसलेले पुष्कळ होते. चिडलेला माणूस मतदान करतो, हा आडाखा इथे कोसळतो. फेब्रुवारीतल्या ग्रँड रॅपिड्सच्या माणसाला वाटत होतं की आपल्या मताने काहीतरी होईल. नोव्हेंबरपर्यंत अनेकांचा तो विश्वास उडाला होता.

हा विश्वास मोजणारा एक प्रश्न मिशिगन विद्यापीठाचे संशोधक त्या काळात निवडणुकीच्या वेळी विचारत असत. वॉशिंग्टनचं सरकार नेहमी किंवा बहुतेक वेळा योग्य तेच करील असा तुमचा भरवसा आहे का? १९६४ मध्ये ७७ टक्के लोकांनी होकार दिला होता. व्हिएतनाम युद्ध, शहरांतल्या दंगली आणि हत्यासत्र यानंतर, १९७२ मध्ये, तो आकडा ५३ वर आला होता. १९७४ मध्ये तो ३६ होता. दहा वर्षांत निम्म्याहूनही कमी. सरकारबद्दल इतक्या वेगाने इतक्या लोकांचं मन उतरण्याची दुसरी उदाहरणं शोधावी लागतील.

त्या काळात काही विद्वान असं म्हणत, की कमी मतदान हे समाधानाचं लक्षण असतं. सगळं ठीक चाललं असलं की माणूस मतदानाची तसदी घेत नाही. १९५० च्या दशकात ते बोलणं पटण्यासारखं असेलही. ७७ वरून ३६ वर आलेल्या देशाबद्दल तसं बोलणं म्हणजे उपाशी माणसाला भूक नसेल असं समजण्यासारखं आहे. मतदान न करणाऱ्याला आळशी ठरवणं सोपं असतं, कारण तो आपली बाजू मांडायला कुठेच हजर नसतो.

शिवाय त्याच्या वाटेत खरोखरचे अडथळेही होते. भारतात मतदारयादी करणं हे निवडणूक आयोगाचं काम आहे, घरोघरी माणसं पाठवून ते केलं जातं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हे काम नागरिकाच्या गळ्यात होतं. निवडणुकीच्या आधी काही आठवडे कचेरीत जा, नाव नोंदवा, घर बदललं की पुन्हा नोंदवा. मतदान मंगळवारी, म्हणजे कामाच्या दिवशी. शेतकरी रविवारी चर्चला जाऊन सोमवारी घोडागाडीने निघून तालुक्याला पोचावेत, म्हणून १८४५ च्या कायद्याने धरलेला तो वार. कारखान्यात घड्याळ पाहून कार्ड टोचणाऱ्या कामगाराला त्याचा काय उपयोग? मिनेसोटाने १९७३ मध्ये कायदा करून मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवण्याची मुभा दिली, आणि १९७४ मध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. देशातली बहुतेक राज्यं मात्र जुन्याच वाटेने जात राहिली. भरवसा असलेला माणूस हे अडथळे ओलांडतो. भरवसा गेलेल्या माणसाला ते घरी थांबायला पुरेसे होतात.

निवडून आलेल्या नव्या डेमोक्रॅट खासदारांना वर्तमानपत्रांनी 'वॉटरगेटची लेकरं' म्हटलं. ७० च्या वर होते ते. त्यांनी कामाला जोरात सुरुवात केली, हे नोंदवायलाच हवं. ज्येष्ठतेच्या जोरावर वर्षानुवर्षं समित्यांच्या खुर्च्या अडवून बसलेल्या अध्यक्षांना त्यांनी समोर बोलावून जाब विचारला आणि जानेवारी १९७५ मध्ये राइट पॅटमन, डब्ल्यू. आर. पोग आणि एडवर्ड हेबर या तिघांना पक्षाच्या बैठकीत मतदान करून हटवलं. हेबर यांनी नव्या खासदारांना 'मुला-मुलींनो' म्हणून संबोधलं आणि ते त्यांना भोवलं, असं सांगितलं जातं. काँग्रेसच्या आतला कारभार त्यामुळे खरोखर बदलला. पण पेट्रोलचा भाव आणि सुटलेली नोकरी यांची चिंता करणाऱ्या माणसाला समितीचा अध्यक्ष कोण, याने काय फरक पडणार होता? १९७६ मध्ये मी तुमच्याशी कधी खोटं बोलणार नाही, असं सांगत जिमी कार्टर अध्यक्ष झाले. १९७८ च्या मध्यावधीत मतदान ३७ टक्क्यांवर उतरलं. सत्तेवर आता दुसरा पक्ष होता, पण घरी बसलेला मतदार परतला नव्हता.

एका छोट्या राज्यात मात्र तो परतला, आणि ती हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१९७४ मध्ये न्यू हँपशायरची सिनेटची जागा नॉरिस कॉटन यांच्या निवृत्तीमुळे मोकळी झाली होती. रिपब्लिकन खासदार लुई वाइमन सहज जिंकतील असा सर्वांचा होरा होता. समोर राज्याचे माजी विमा आयुक्त, डेमोक्रॅट जॉन डर्किन. ५ नोव्हेंबरच्या मोजणीत वाइमन ३५५ मतांनी पुढे राहिले. डर्किननी फेरमोजणी मागितली. फेरमोजणीत डर्किन १० मतांनी जिंकले. वाइमन राज्याच्या मतपत्रिका आयोगाकडे गेले. आयोगाने वादग्रस्त मतपत्रिका तपासून निकाल दिला: वाइमन २ मतांनी विजयी. १,१०,९२६ विरुद्ध १,१०,९२४. अमेरिकन सिनेटच्या लोकनियुक्त निवडणुकांच्या इतिहासात इतकी अटीतटीची लढत झालेली नाही.

वाद होता तो मतपत्रिकेवरच्या खुणांचा. न्यू हँपशायरमध्ये पक्षाच्या नावावर एक फुली मारली की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जात असे. काही मतदारांनी डेमोक्रॅट पक्षाच्या नावावर फुली मारली होती आणि शिवाय खाली एकेका उमेदवारापुढेही फुली मारली होती, फक्त डर्किनचा चौकोन कोरा सोडला होता. अशा मतपत्रिकेचा अर्थ काय? पक्षाला मत म्हणजे डर्किनलाही मत, की त्यांना मुद्दाम वगळलं? 'डर्किनला टाळलेल्या' मतपत्रिका असंच त्यांना नाव पडलं. आयोगाने त्या डर्किनच्या खात्यात धरल्या नाहीत. सगळा देश ज्या माणसाच्या मनाचा अंदाज बांधत होता, त्याने स्वतःच्या हाताने केलेली खूण समोर ठेवूनही त्याच्या मनात काय होतं, यावर एकमत होईना.

डर्किननी सिनेटकडे दाद मागितली, कारण आपल्या सदस्यांच्या निवडीचा अंतिम निवाडा घटनेने सिनेटकडेच दिला आहे. नियम समितीने मतपत्रिका वॉशिंग्टनला मागवून तपासल्या. समिती अनेक मतपत्रिकांवर ४ विरुद्ध ४ अशी अडकली. मग हे प्रकरण जून १९७५ मध्ये सभागृहात आलं. डेमोक्रॅटकडे ६० जागा होत्या, तरी रिपब्लिकनांनी चर्चा लांबवत नेली आणि अलाबामाचे जेम्स ॲलन यांच्यासारखे डेमोक्रॅट सिनेटरही त्यांच्या बाजूला गेले. चर्चा बंद करण्याचे प्रयत्न एकामागून एक फसले. अखेर डर्किन स्वतःच म्हणाले, लोकांकडे परत जाऊ. ३० जुलैला सिनेटने ७१ विरुद्ध २१ मतांनी ती जागा ८ ऑगस्टपासून रिकामी जाहीर केली. सिनेट कौल ठरवू शकली नाही आणि तिने तो मतदाराकडे परत पाठवला.

फेरनिवडणूक १६ सप्टेंबर १९७५ ला झाली. अध्यक्ष फोर्ड वाइमनसाठी आले, रोनाल्ड रेगनही आले. पण त्या वेळी न्यू हँपशायरच्या माणसाला मतदानाला बोलवायला कुणा पाहुण्याची गरज नव्हती. दोन मतांनी काय होऊ शकतं, हे तो दहा महिने पाहत होता. मतपत्रिकेवर दुसरं कुठलंच मोठं पद नव्हतं आणि नोव्हेंबरचा नेहमीचा मुहूर्तही नव्हता, तरी १९७४ पेक्षा जवळजवळ ४० हजार जास्त मतं पडली. डर्किनना १,४०,७७८ आणि वाइमनना १,१३,००७. या वेळी फेरमोजणी कुणी मागितली नाही.